गाडी तापते ती ठिणगीनेही

घाटात काटा लाल रेषेकडे सरकला की आपण गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि रेडिएटरकडे संशयाने बघतो. पाणी कमी झाले का, पंखा फिरतोय का, थर्मोस्टॅट अडकला का, हा तपासाचा क्रम अगदी बरोबर आहे. मात्र हे सगळे भाग उष्णता बाहेर नेणारे. उष्णता किती तयार होणार आणि ती कुठे जाणार, हे त्याच्या आधीच ठरलेले असते: स्पार्क प्लगच्या टोकाशी, जेमतेम मिलिमीटरभर फटीत, ठिणगी कोणत्या क्षणी पडली त्यावर.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत (1908 ते 1927) हा क्षण चालकाच्या हातात होता. स्टीअरिंगखाली दोन दांड्या असत. उजवी पेट्रोलची, डावी ठिणगीची. हँडल मारताना ठिणगी उशिरा पडेल अशी दांडी ठेवायची, नाहीतर इंजिन उलटा झटका देई आणि हात मोडण्याची पाळी येई. इंजिन सुरू झाले की दांडी खाली ओढून ठिणगी लवकर आणायची. ते राहून गेले तर गाडी रडतखडत चाले आणि थोड्या वेळात रेडिएटर उकळू लागे.

असे का होते, हे समजायला सिलिंडरच्या आत डोकवावे लागेल. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण ठिणगी पडताच एकदम भडकत नाही. प्लगपाशी ज्वाला धरते आणि पसरत जाते. त्याला ढोबळमानाने दोन मिलिसेकंद लागतात असे धरू. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट 36 अंश फिरून जातो. पिस्टन माथ्यावर पोचल्यावर ठिणगी टाकली, तर ज्वाला पूर्ण पसरेपर्यंत तो बराच खाली उतरलेला असेल. म्हणून ठिणगी आधीच टाकावी लागते. इंजिन नुसते चालू असताना साधारण 10 अंश, तर वेगात 30 अंश किंवा त्याहूनही आधी. दाबाचा कळस पिस्टनने माथा ओलांडल्यावर सुमारे 15 अंशांवर आला, की सर्वाधिक जोर चाकांना मिळतो.

ठिणगी उशिरा पडली की मिश्रण पिस्टन खाली जाताना जळत राहते. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची, ती एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते. गंमत अशी की सिलिंडरमधले कमाल तापमान यात उलट कमी होते. तरी गाडी तापते, कारण एक्झॉस्टचा मार्ग सिलिंडर हेडमधूनच जातो आणि त्याच्याभोवती थंड करणारे पाणी खेळत असते. नेहमीपेक्षा तप्त धूर त्या पाण्यालाच उष्णता देतो. शिवाय जोर कमी मिळतो म्हणून चालक ॲक्सिलरेटर जास्त दाबतो. पेट्रोल जास्त जळते आणि उष्णतेत आणखी भर पडते.

याचा धडा अमेरिकी कंपन्यांनी 1970च्या दशकात घेतला. धुरातले न जळलेले पेट्रोल कमी व्हावे म्हणून त्यांनी उभ्या गाडीत ठिणगी मुद्दाम उशिरा ठेवली. तप्त एक्झॉस्टमध्ये उरलेसुरले इंधन जळून जाई. पण वाहतुकीत अडकलेल्या गाड्या तापू लागल्या. तेव्हा अनेक मॉडेलांच्या पाण्याच्या मार्गात उष्णतेवर चालणारी झडप बसवण्यात आली. पाणी फार तापले की ती ठिणगी पुन्हा लवकर आणी; इंजिनाचे फेरे वाढत, पंखा आणि पंप जोरात फिरत आणि काटा खाली येई. रेडिएटरला हात न लावता, केवळ ठिणगीची वेळ बदलून ताप उतरवता येतो, याचा हा पुरावाच.

उलट बाजूचा धोका जास्त वाईट. ठिणगी फार लवकर पडली तर पिस्टन वर येत असतानाच दाब वाढतो. कोपऱ्यात उरलेले मिश्रण ज्वाला पोचण्याआधीच आपोआप पेटते आणि खडखड ऐकू येते, हेच नॉकिंग. एरवी सिलिंडरच्या भिंतीलगत आणि पिस्टनच्या माथ्यावर वायूचा पातळ थर असतो आणि तो धातूला झळ लागू देत नाही. नॉकिंगच्या दाबलहरी हा थर विस्कटतात. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सियसला वितळते आणि जळणाऱ्या वायूचे तापमान 2000 अंशांच्या पुढे असते. पिस्टनची कड खाल्ली जाते, हेड गॅस्केट उडते. काटा मात्र मधोमध असू शकतो, कारण तो फक्त पाण्याचे तापमान दाखवतो. थोडक्यात, उशिराची ठिणगी पाणी तापवते, घाईची ठिणगी धातू.

पद्मिनी-ॲम्बॅसॅडरच्या काळात हा समतोल डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मिस्त्रींचा ‘डेल्को’, सांभाळत असे. त्यातली स्प्रिंग लावलेली वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात आणि ठिणगी पुढे आणत. डेल्कोतच पॉईंट असे, म्हणजे उघडताच ठिणगी पाडणारा छोटा स्विच. त्याचा फायबरचा ठोकळा कॅमवर घासून झिजे, फट कमी होई आणि पॉईंट उशिरा उघडे. ठिणगीची वेळ, म्हणजे टायमिंग, अशी गुपचूप मागे पडे आणि गाडीमालक रेडिएटर साफ करून घेत बसे. जाणता मिस्त्री आधी पॉईंटची फट बघे. मग एक नंबरच्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइट अडकवून पुलीवर झोत टाकी. फिरत्या पुलीवरची खूण त्या लुकलुकत्या उजेडात स्थिर दिसे. नट ढिला करून डेल्को किंचित फिरवायचा, खूण जागेवर आली की नट आवळायचा.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या तेव्हा हाच प्रश्न नव्या रूपात आला. सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून पेट्रोलला योग्य असलेली वेळ त्याला उशिराची ठरते. त्यासाठी सीएनजी किटबरोबर टायमिंग पुढे आणणारे छोटे इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळते. ते न बसवता किट लावले तर पिकअप जातो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नाहक तापतात.

आजच्या गाडीत हे काम संगणक करतो. इंजिन ब्लॉकवरचा नॉक सेन्सर खडखड टिपतो आणि ठिणगी लगेच काही अंश मागे घेतली जाते. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर हाच संगणक ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतो, म्हणजे तप्त धुराने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर कामाला लागतो. एकेकाळचा दोष इथे उपयोगी आणला आहे.

म्हणून गाडी तापली तर आधी पाणी, पंखा आणि थर्मोस्टॅटच पाहा; गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नका. ते सगळे ठीक असून पिकअप कमी झाला असेल आणि पेट्रोल जास्त लागत असेल, तर जुन्या गाडीचे टायमिंग तपासून घ्या आणि सीएनजी किट असेल तर त्याचेही. चढावर खडखड ऐकू आली तर खालचा गिअर टाका, ॲक्सिलरेटर सैल करा आणि काटा नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहू नका. रेडिएटर बदलणे परवडते, पिस्टन बदलणे परवडत नाही.