कमरेचा घेर आणि उतारवयातील आजार

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतून (२०१९-२१) महाराष्ट्रातील लठ्ठपणाविषयी जे आकडे हाती आले, ते १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्री-पुरुषांचे आहेत; म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि सांध्यांची झीज ज्या वयात एकाच शरीरात एकत्र येऊ लागतात, ते साठीपुढचे वय या मोजणीच्या बाहेरच राहते. ही उणीव भरून काढण्याचे काम ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, वार्धक्याविषयीच्या देशव्यापी अभ्यासाने केले. मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २०१७-१८ मध्ये झालेल्या त्याच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची पाहणी झाली आणि साठीपुढील सुमारे २७ टक्के लोकांचे वजन गरजेपेक्षा कमी, तर सुमारे २२ टक्के लोकांचे वजन गरजेपेक्षा जास्त असल्याचे आढळले.

अकोला-वाशिम महामार्गावरील, मालेगाव तालुक्यातल्या मेडशीसारख्या गावाच्या दृष्टीने या दोन आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे, कारण अपपोषण आणि अतिपोषण ही दोन वेगवेगळ्या घरांची दुखणी राहिलेली नसून, हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले अशा रूपात ती एकाच वृद्ध शरीरातही नांदू शकतात.

वजन जास्त की कमी हे ठरवण्यासाठी वापरला जाणारा शरीर वस्तुमान निर्देशांक, म्हणजेच ‘बीएमआय’, किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून मिळतो. जागतिक निकषानुसार २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानला जातो, तर भारतीयांसाठी तज्ज्ञांनी या मर्यादा २३ आणि २५ अशा खाली आणल्या आहेत. वृद्धांच्या बाबतीत मात्र हे माप दोन्ही बाजूंनी फसवते. मणक्यांच्या चकत्या दबल्याने आणि पाठीला बाक आल्याने तरुणपणी १५५ सेंटीमीटर असलेली स्त्री सत्तरीत १५० सेंटीमीटरवर आली, तर तिचे ५२ किलो वजन तसेच राहूनही निर्देशांक २१.६ वरून २३.१ वर जातो. उलट स्नायू झिजून त्यांच्या जागी चरबी साठली, तर काटा जागचा हलत नाही आणि धोका मात्र वाढलेला असतो.

हा दुसरा प्रकार भारतीयांमध्ये किती खोल रुजलेला आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगापुढे आणले. लंडनचे डॉ. जॉन युडकिन आणि डॉ. याज्ञिक या दोघांचाही निर्देशांक २२.३ असताना पहिल्यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर दुसऱ्यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती, हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात असेही दिसले की तेथील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांहून वजनाने बरीच कमी भरली, तरी त्यांच्या त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. तूट पडली होती ती मुख्यतः स्नायूंत. आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेले शरीर पुढे मुबलक अन्न मिळाल्यावर मधुमेहाकडे लवकर झुकते, असे या संशोधनाचे सांगणे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली पिढी आता उतारवयात पाऊल ठेवत असल्याने त्याकडे गांभीर्याने पाहिले पाहिजे.

पोटातील चरबी, म्हणजे यकृत आणि आतड्यांभोवती साठणारा मेद, त्वचेखालच्या चरबीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जातात, शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होते आणि त्यापाठोपाठ साखर, रक्तदाब व रक्तातील चरबी वाढू लागते. पाळी थांबल्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटल्याने स्त्रियांमध्ये मांड्या-नितंबांऐवजी पोटावर चरबी साठू लागते. स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर ही कमरेच्या घेराची धोक्याची रेषा मानली जाते. हा घेर लुगडे किंवा धोतर जेथे बांधले जाते तेथे न मोजता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजायचा असतो.

वऱ्हाडात गेल्या काही दशकांत ज्वारी-कपाशीखालचे बरेच क्षेत्र सोयाबीनकडे वळले, भाकरीच्या जागी गव्हाची पोळी आणि भात आला, तणनाशकाने निंदणाचे दिवस घटवले, थ्रेशरने मळणीचे श्रम वाचवले आणि दुचाकीने शेतापर्यंतची पायपीट थांबवली. या बदलांनी कष्ट हलके केले हे चांगलेच झाले. पण दिवसाकाठचे श्रम कमी होत असताना चहातली साखर, बिस्किटे आणि तळलेले फरसाण ताटात वाढत गेले, तर डाळ आणि दूध त्या प्रमाणात वाढले नाही. त्यात गुडघे दुखू लागले की चालणे थांबते, चालणे थांबले की वजन वाढते आणि स्नायू झिजतात, आणि गुडघ्यांवरचा भार आणखी वाढतो. शिवाय दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवून मूत्रपिंडांनाही इजा करू शकतात.

म्हणूनच वृद्धाला ‘जेवण कमी करा’ एवढाच सल्ला देणे अपुरे आणि प्रसंगी धोकादायक ठरते, कारण नुसत्या उपासाने चरबीबरोबर स्नायूही गळतात आणि तोल जाऊन पडण्याची, खुब्याचे हाड मोडण्याची भीती वाढते. स्नायूंच्या या वयपरत्वे होणाऱ्या झिजेला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात. अमेरिकेत ६५ वर्षांपुढील १६० लठ्ठ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहारनियंत्रणाला चालण्यासारखे आणि स्नायूंना ताकद देणारे अशा दोन्ही व्यायामांची जोड मिळालेल्या गटाची शारीरिक क्षमता सर्वाधिक सुधारली. खुर्चीवरून हात न टेकता पुन्हापुन्हा उठणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हे व्यायाम घरच्या ओसरीवर होऊ शकतात. आणि प्रथिनांसाठी तूर, हरभरा, सोयाबीन ही पिके तर याच मातीत निघतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि प्रयत्न न करता झपाट्याने घटणारे वजन ही कोणीही समाधानाची बाब मानू नये, कारण त्यामागे क्षयरोग, कर्करोग किंवा हाताबाहेर गेलेला मधुमेह असू शकतो.

या साऱ्यासाठी लागणारी यंत्रणा कागदावर उपलब्ध आहे. असंसर्गजन्य, म्हणजे एकापासून दुसऱ्याला न होणाऱ्या, आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्तीने तिशीपुढील प्रत्येकाचा, आजारांची जोखीम पडताळणारा ‘सीबॅक’ फॉर्म भरायचा असतो आणि त्यात कमरेच्या घेराची नोंदही असते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ मध्ये ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत विदर्भातील भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली औषधयोजना, गोळ्यांचा अखंड पुरवठा आणि येणे थांबलेल्या रुग्णाचा पाठपुरावा हा त्याचा गाभा आहे. मेडशीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून उपकेंद्रांपर्यंत याच शिस्तीने वृद्धांचा घेर, रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर खुर्चीवरून उठण्याची क्षमताही नोंदवली गेली, तर कोणाला कमी खायला सांगायचे आणि कोणाला डाळ वाढवायला सांगायचे, हे अंदाजावर सोडावे लागणार नाही. फॉर्ममधल्या कमरेच्या घेराच्या त्या एका रकान्यामागे पुढच्या भेटीची तारीख उभी राहिली पाहिजे, कारण मोजमापानंतर उपचार सुरू राहिला नाही, तर आजारी माणसाला त्या मोजमापाचा काही उपयोग होत नाही.