तारांकित प्रश्नाचे सामर्थ्य
लोकसभेच्या बैठकीचा पहिला तास सामान्यतः प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते व त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. खरी कसोटी लागते ती तेथेच. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते.

आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याचे प्रकरण १९५७ मध्ये प्रश्नोत्तरांतूनच पुढे आले. १६ डिसेंबर रोजी फिरोझ गांधी यांनी विमेदारांच्या पैशाचा हिशेब सभागृहात मागितला. ते स्वतः सत्तारूढ पक्षाचे सदस्य होते, हे विशेष. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी जाहीर चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पदावरून दूर झाले.