करडी बुरशी, फुलांवरील
गुलाब, जर्बेरा, कार्नेशन इ. लांब दांड्याच्या फुलांवर काढणीनंतर साठवणीत व वाहतुकीत पडणारा कवकजन्य रोग. तो बोट्रायटिस सिनेरिया ह्या कवकामुळे होतो. ह्या कवकाचे वर्णन क्रिस्तिआन पेर्सून ह्यांनी १७९४ मध्ये केले. ते एक हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर आढळते; द्राक्षे व स्ट्रॉबेरी ही फळेही त्यास बळी पडतात.

लक्षणे : प्रथम पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. ते वाढून तपकिरी डाग पडतात, पाकळ्या मऊ पडून कुजतात व दमट हवेत त्यांवर करड्या बीजुकांचा थर येतो. रोग पाकळ्यांच्या तळाशी पोहोचल्यास त्या गळून पडतात. रोगट भागातून एथिलीन वायू बाहेर पडत असल्याने फूल लवकर कोमेजते.

प्रसार : बीजुके मुख्यत्वे हवेतून पसरतात. पाकळीवर पाण्याचा पातळ थर असल्यास ती काही तासांतच रुजतात. रुजलेले कवक पुष्कळदा सुप्तावस्थेत राहते. त्यामुळे काढणीच्या वेळी निरोगी भासणारी फुले मुक्कामी पोहोचेतो पेटीतच कुजलेली आढळतात व उत्पादकाची सर्व मेहनत वाया जाते. कवकाची वाढ सु. २०° से. तापमानात जोमाने होते. परंतु ०° से.लाही ती पूर्णपणे थांबत नाही. म्हणून केवळ शीतगृहावर विसंबून चालत नाही.

प्रतिबंध : संरक्षणाची सुरुवात हरितगृहातच करावी लागते. गळालेली पाने व वाळलेली फुले वेचून नष्ट करणे, हवा खेळती ठेवणे व झाडांवरून पाणी न देणे हे प्रमुख उपाय होत. फुले कोरडी असतानाच काढून त्वरित थंड करतात. गुलाब साधारणपणे २° ते ४° से. तापमानात ठेवतात. थंड फुले उबदार हवेत आणल्यास त्यांवर दव साचते व रोगास अनुकूल स्थिती निर्माण होते. त्यामुळे शेतापासून विमानतळापर्यंत व पुढेही थंडावा अखंड राखणे महत्त्वाचे ठरते. महाराष्ट्रात तळेगाव-मावळ भागातून निर्यात होणाऱ्या गुलाबांच्या बाबतीतही ही दक्षता आवश्यक असते.

रासायनिक उपाय : फेनहेक्झामिड, फ्लुडिओक्सोनिल इ. कवकनाशके वापरतात. मात्र हे कवक त्यांना लवकर दाद देईनासे होते. बेनोमिलला न जुमानणारा त्याचा प्रकार १९७१ मध्येच नोंदला गेला. म्हणून निरनिराळ्या गटांतील कवकनाशके आलटून पालटून वापरणे इष्ट असते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सोडियम हायपोक्लोराइटाच्या दशलक्ष भागांस २०० भाग ह्या प्रमाणातील विद्रावात गुलाब १० सेकंद बुडविल्यास रोग कमी होतो, असे दिसून आले. ह्या विद्रावाने पृष्ठभागावरील बीजुके मरतात. पेशीजालात शिरलेल्या कवकास तो पुरेसा ठरत नाही. विद्रावातून काढलेली फुले पेटीत भरण्यापूर्वी निथळून सुकविणे आवश्यक असते. अन्यथा उपायच अपायकारक ठरतो.