इटलीत गेले

१० जुलै. सकाळचे साडेनऊ. माणगावच्या तहसील कचेरीसमोर मी छत्री धरून उभा आहे. पाऊस रात्रीपासून हटलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गावर गाड्यांची रांग लागली आहे, एका एसटीचा हॉर्न थांबतच नाही. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद अशा कामांना आलेली माणसं वळचणीला दाटीवाटीने उभी आहेत. भिजतो आहे तो एक पुतळा. नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. गळ्यातला झेंडूचा हार पाण्याने जड झाला आहे. प्रत्येक फुलाच्या टोकाशी एक थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो.

शेजारी एक म्हातारे बाबा येऊन उभे राहतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली कागदपत्रं.

“कचेरीत काम हाय?”

“नाही बाबा. यांना बघायला आलोय. आज यांचा दिवस.”

ते पुतळ्याकडे बघतात. टोपी काढून पिळतात, पुन्हा डोक्यावर ठेवतात. “पळसगावचे ते,” म्हणतात. “इटलीत गेले.”

एवढं बोलून ते रांगेत शिरतात. मी मात्र त्या दोन शब्दांपाशी अडकतो. आपल्या भाषेत ‘गेले’ म्हटलं की दोन अर्थ निघतात, आणि इथं दोन्ही खरे आहेत. यशवंत घाडगे इटलीला गेले, आणि इटलीतच गेले.

पळसगावच्या दिशेने निघतो. हेच त्यांचं गाव, जन्म १६ नोव्हेंबर १९२१. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लावणी चालली आहे. एका खाचराशी थांबतो. बाया ओळीने वाकल्या आहेत, पाठीवर निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद. एकीच्या डाव्या हातात रोपांची मूठ आहे. उजवा हात तीन-चार काड्या सोडवतो, अंगठ्याने चिखलात रोवतो, आणि ती रोपं उभी राहिलीत की नाही हे न बघताच पुढे सरकतो. बोटांना अंदाज आहे.

कडेचा बांध फुटला आहे. एक बाविशी-पंचविशीचा पोरगा कुदळीने चिखल ओढून तो घालतो आहे. मला जवळ येताना बघून ओरडतो, “काका, सावकाश! बांध निसरडाय!”

मी घाडग्यांचं नाव काढतो. तो हसतो. “आर्मीची भरती मीपण दोनदा दिली. पळण्यात निघालो, छातीत राहिलो.” आणि पुन्हा दांडा दोन्ही हातांनी धरून कामाला लागतो.

मी त्याच्या हातांकडे बघत राहतो, कारण मला दुसरे दोन हात दिसायला लागतात.

१९४४ चा जुलै आहे. रोम महिन्यापूर्वी दोस्तांच्या हाती आलं आहे आणि जर्मन फौजा एकेक डोंगर लढवत उत्तरेकडे हटताहेत. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० वी भारतीय डिव्हिजन त्यांच्या मागावर आहे. तिच्यातली ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण म्हणजे आपली माणसं. १० तारखेला एक कंपनी पक्क्या मोर्चावर चाल करते. एका सेक्शनचा पुढारी नाईक घाडगे. अगदी जवळून मशीनगन सुरू होते. क्षणात सगळा सेक्शन पडतो, कुणी ठार, कुणी जखमी. उभा उरतो एकटा नाईक.

मागून कुणी येणार नाही हे त्याला कळलेलं आहे. तरी तो धावतो. हातबॉम्ब टाकतो, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पडतात. टॉमीगनने आणखी एकाला टिपतो. गोळ्या संपतात. नवी मॅगझिन चढवायला वेळ नाही. तो बंदूक नळीकडून दोन्ही हातांनी धरतो आणि उरलेल्या दोघांवर घाव घालतो. मोर्चा पडतो. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसतात. एकट्याने जिंकलेल्या त्या जागेतच तो मरतो. व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाच्या मानपत्रात हे सगळं चारपाच वाक्यांत नोंदलेलं आहे. मला त्यातली ती पकड सोडवत नाही. ती मला बंदुकीची वाटत नाही, कुदळीच्या दांड्याची वाटते.

परक्या राजासाठी मेला, असं म्हणणारे भेटतात. देश गुलाम होता, हे खरंच आहे. त्या शिपायाला हे युद्ध हवं का, असं कुणी विचारलं नव्हतं, हेही खरं. पण त्या क्षणी राजा दूर होता, आणि नाईकाच्या सेक्शनची माणसं त्याच्या आजूबाजूला पडलेली होती. तो कुणासाठी धावला, याचं माझं उत्तर तिथंच आहे.

घरी काय आलं? देह आला नाही. पत्नी लक्ष्मीबाईंनी दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून ब्राँझचा तो क्रॉस घेतला. एवढ्याशा धातूच्या बदल्यात अख्खा संसार. शौर्याच्या गोष्टी सांगताना आपण या बाईपाशी थांबत नाही. थांबलं पाहिजे.

इटलीतही घाडग्यांचं थडगं नाही. ज्यांची कबर वा दहनाची जागा कळली नाही, अशा चार हजारांहून जास्त सैनिकांची नावं कसिनोच्या स्मारकावर कोरली आहेत. त्यांत घाडग्यांचं एक. २०२३ च्या जुलैत मोंतोने नावाच्या गावाने त्यांच्या स्मरणासाठी एक सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन वाक्य त्याला जोडलं आहे. ज्या मातीवर ते लढले, तिथल्या लोकांनी एका मराठी नाईकासाठी हे केलं. आणि हे वाक्य त्या मशीनगनमागच्या जर्मन पोरांनाही लागू पडतं, म्हणून मला ते जास्त खरं वाटतं.

इथं आज सूर्याचा पत्ता नाही. पाऊस आणखी वाढतो. पोराने बांध घालून संपवला आहे. तो कुदळीच्या पाठीने चिखल थापटतो, पाय देऊन बघतो. बांध धरतो. आडवं वाहणारं पाणी खाचरात ठरतं. १९४४ च्या याच आठवड्यात इथं अशीच लावणी चालली असेल आणि वाकलेल्या माणसांपैकी कुणालाही काही कळलेलं नसेल. रोपं रोवली जात असतील, आणि गावचा एक मुलगा उन्हाने तापलेल्या परमुलखात पडला असेल.

कोकणात जाताना माणगावात गाडी हमखास अडकते. पुढच्या वेळी अडकली की वैतागू नका. पाच मिनिटं खाली उतरा, तहसील कचेरीसमोर जा आणि ते नाव मोठ्याने उच्चारा. सोबत मुलं असतील तर त्यांनाही म्हणायला लावा. यशवंत घाडगे. पळसगावचे. इटलीत गेले, तेव्हा वय २२ होतं.