गच्चीवरचे ऊन आणि महिन्याचे वीजबिल

मराठवाड्याच्या वाट्याला पाऊस नेहमीच बेताचा आला. ऊन मात्र कधी कमी पडले नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यातही सूर्य आपल्या नेमाप्रमाणे तळपतच होता. हेच ऊन आता नांदेड-लातूरच्या गच्च्यांवर कामाला लावले जात आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांचा खर्च मंजूर झाला. तेव्हापासून ‘वीजबिल शून्य’ असे आश्वासन देणारी पत्रके वर्तमानपत्रांच्या घडीतून घरोघरी येऊ लागली. पगाराच्या तारखेवर ज्याचा संसार चालतो, त्या शिक्षकाने वा कारकुनाने या आश्वासनाकडे कसे पाहावे?

प्रथम अनुदानाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपये. त्यापुढे कितीही मोठा संच बसविला तरी अनुदान वाढत नाही. शिवाय ही रक्कम संच बसवून तपासणी झाल्यानंतर ग्राहकाच्या खात्यात जमा होते; तोवरची तजवीज बचतीतून किंवा कर्जातून करावी लागते.

एक किलोवॉटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज देतो व सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा व्यापतो. महिन्याला २५० युनिट वापरणारे एक कुटुंब घेऊ. त्याची गरज दोन किलोवॉटमध्ये जवळजवळ भागते. किलोवॉटचा खर्च ६०,००० रुपये धरला, तर अनुदान वजा जाता पदरचे ६०,००० रुपये जातात. बिलात दरमहा २,००० रुपये वाचले, तर व्याज धरूनही तीन वर्षांच्या आत-बाहेर पैसे वसूल होतात. बँकेच्या मुदत ठेवीशी तुलना केल्यास हा व्यवहार निःसंशय फायद्याचा आहे.

परंतु विक्रेता बहुधा तीन किलोवॉटचा आग्रह धरतो, कारण ‘पूर्ण अनुदान मिळते’. येथे अर्थशास्त्रातील सीमान्त खर्चाचा विचार उपयोगी पडावा. तिसऱ्या किलोवॉटसाठी या कुटुंबाला आणखी ४२,००० रुपये मोजावे लागतात आणि त्यातून येणारी वीज बहुतांशी त्याच्या गरजेपलीकडची असते. नेट मीटरमुळे दिवसा दिलेली वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, उरलेले युनिट पुढल्या महिन्यात जातात, हे खरे. पण ३१ मार्चला आर्थिक वर्षाचा हिशेब मिटतो व शिल्लक युनिट वीज कंपनी जो दर देऊन घेते, तो ग्राहक स्वतः भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. घरात वातानुकूलन यंत्र किंवा विजेची दुचाकी येणार असेल तर गोष्ट निराळी. बिल शून्य होते, हेही अक्षरशः खरे नव्हे. स्थिर आकार भरावाच लागतो.

दुसरा गैरसमज उन्हाविषयीचा. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वास्तविक वीज निर्माण होते ती प्रकाशापासून, उष्णतेपासून नव्हे. पॅनेलची छापील क्षमता त्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरून ठरविलेली असते. मे महिन्यात नांदेडच्या गच्चीवर ते साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि दर अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने घटते. म्हणजे भर दुपारी सहावा-सातवा हिस्सा उष्णतेपायीच जातो. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले की उत्पादन आणखी खाली येते. म्हणून एका महिन्याचे बिल पाहून हर्ष वा खेद करण्यात अर्थ नाही. वर्षाची बेरीज पाहावी.

धुळीचा प्रश्न या भागात अधिक बिकट आहे. काच दर पंधरवड्याला पुसावी, असे सांगितले जाते. परंतु जेथे नळाला कित्येक दिवसांनी पाणी येते, तेथे ते काचेवर ओतावयाचे कोणी? बोअरचे पाणी क्षारयुक्त असले तर वाळल्यावर पांढरे डाग ठेवून जाते. भल्या पहाटे, काच थंड असताना, ओल्या मऊ फडक्याने पुसणे हाच काटकसरीचा मार्ग होय. गच्ची मोकळी राहावी म्हणून पॅनेल उंच सांगाड्यावर चढविले जातात. त्यामागे उन्हाळ्यात गच्चीवर निजणारी माणसे आणि कुरडया-पापडांचे वाळवण आहे. (वाळवण घालणाऱ्या गृहिणीचे मत करार करताना क्वचितच विचारले जाते.) मात्र सांगाडा जितका उंच, तितका वळवाच्या वाऱ्याचा उपटणारा जोर अधिक. जुन्या वस्तीतील माळवदाचे छत तर या कामाचे नव्हेच; सिमेंट-काँक्रीटचा स्लॅबही आधी जाणकाराकडून तपासून घेतलेला बरा.

सर्वांत मोठी निराशा होते ती वीज गेल्यावर. भारनियमनाच्या काळात ज्यांनी कंदिलाखाली उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांना वाटते की आता तरी घर उजळलेले राहील. पण बॅटरी नसलेला, वाहिनीला जोडलेला संच पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतो. मग माथ्यावर सूर्य का असेना. त्यात बिघाड काहीच नाही. खांबावर दुरुस्तीसाठी चढलेल्या लाइनमनच्या अंगात घराघरांतून वीज शिरू नये, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. बॅटरी जोडता येते; परंतु तिचा खर्च धरला की वरील तीन वर्षांचा हिशेब कोलमडतो. पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची असली तरी इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागेल, हेही गृहीत धरावे.

वर्गभेदाचा मुद्दा याहून अवघड आहे. वापर वाढेल तसा युनिटचा दर चढतो. त्यामुळे ज्याचा वापर मोठा, त्याची बचतही मोठी आणि वसुली लवकर. महिन्याला ९० युनिट वापरणाऱ्याचे दरमहा ५०० रुपये वाचले, तर एक किलोवॉटसाठी घातलेले ३०,००० रुपये फिटण्यास पाच वर्षे लागतात. राज्य शासनाने २०२५ मध्ये शंभर युनिटांच्या आतील ग्राहकांसाठी जादा अनुदान जाहीर केले, ते याच कारणाने योग्य ठरते. तथापि त्या योजनेलाही स्वतःच्या नावावरचे मीटर आणि स्वतःचे छत लागते. लातुरात शिकवणीसाठी आलेले हजारो विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांतून राहतात. तेथे छत घरमालकाचे, अनुदान घरमालकाचे आणि उपमीटरवर युनिटमागे किती आकारावयाचे तेही घरमालकच ठरवितो. गच्चीवर पॅनेल बसल्यानंतर खोलीतल्या मुलाचा दर उतरला काय, हे विचारणारे कलम भाडेकरारात नसते.