आधी तारीख, मग हसू

सकाळी ६.१५
चहा उकळेपर्यंत पेपर येतो. पहिल्या पानावरचं व्यंगचित्र मी कापून घेते आणि मागे पेन्सिलीनं तारीख टाकते. "अहो बाई, मागची बातमी गेली की!" ह्यांची रोजची तक्रार. पण पूर्वी मी तारखा टाकत नव्हते. त्या काळातली निम्मी कात्रणं आज मलाच उलगडत नाहीत.

७.३०
नववीचा वर्ग, विषय आणीबाणी. पडद्यावर अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र लावलं. माझा नियम एकच : आधी फक्त दिसतं ते सांगायचं. "बाथटब." "आंघोळ करणारे आजोबा." "अर्धवट उघडं दार आणि कागद." वर्गात खसखस पिकली. हे आजोबा कोण, विचारल्यावर मात्र सगळे गप्प.

मग फळ्यावर लिहिलं : इंडियन एक्सप्रेस, १० डिसेंबर १९७५. आजोबा म्हणजे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असं ते म्हणताहेत. २५ जूनच्या रात्री आणीबाणीच्या घोषणेवर सही त्यांचीच होती.

"मॅडम, त्यांनी खरंच आंघोळ करताना सही केली?"

"नाही रे. बाथटब खोटा, घाई खरी. आता सांग, घाई कोणाला होती? टबातल्या माणसाला, की दाराबाहेरच्यांना?"

या वेळी कोणी हसलं नाही. चित्र वाचून झालं होतं.

९.३०
मधली सुट्टी. चित्रकलेचे सर म्हणाले, "विनोदाची चिरफाड केली की तो मरतो." शिळा विनोद आधीच मेलेला असतो, सर. त्याला उठवायला संदर्भच लागतो.

१०.१५
दहावीला डेव्हिड लो यांचं 'राँदेव्हू' दाखवलं. हिटलर आणि स्टालिन टोप्या काढून एकमेकांना वाकून अभिवादन करताहेत. तोंडी शिव्या, मध्ये जमिनीवर प्रेत. एक मुलगी म्हणाली, "देहबोली मित्रांची, शब्द शत्रूंचे." अगदी बरोबर. चित्र आणि शब्द जिथे भांडतात, तिथेच टीका असते. प्रेत पोलंडचं, तारीख २० सप्टेंबर १९३९. १ तारखेला जर्मनी पोलंडमध्ये घुसला, १७ला सोव्हिएत रशिया. जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला. त्यानंतर हेच चित्र कोणी नव्यानं काढलं असतं, तर ते खोटं ठरलं असतं.

दुपारी ४.००
वह्या तपासल्या. गृहपाठाला आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' होता. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा हे सगळ्यांनी लिहिलं. तो कधीच बोलत नाही, हे दोघांनीच टिपलं. चित्रात काय नाही, हेही पाहायचं असतं. दोघांनाही पैकीच्या पैकी.

रात्री ९.३०
घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्यंगचित्र आलंय. खालची सही कापलेली, तारीख नाही. "आजच्या सरकारला चपराक!" असं चुलतभावानं लिहिलंय, भाचा त्यावर चिडलाय. मी विचारलं, "दादा, हे कधीचं? कोणी काढलंय?" दादाचं उत्तर नाही. भांडण मात्र चालू.

सही आणि तारीख नसलेलं व्यंगचित्र मी पुढे पाठवत नाही. तुम्हीही पाठवू नका.