गाथेत शब्द आहेत, चाल नाही! घरी भजन रेकॉर्ड करताय? आधी जुना टीव्ही बंद करा

बहुतेक गावांत असा एक माणूस असतोच. दिवसा शेती नाहीतर दुकान, आणि एकादशीला देवळात पेटी. कुणी त्याला मास्तर म्हणतं, कुणी पेटीवाले अण्णा. गाण्यावर त्याचं पोट नाही. पण गावच्या भजनातल्या जुन्या चाली त्याला आणि त्याच्यासारख्या दोन-चार म्हाताऱ्या मंडळींनाच ठाऊक असतात.

अभंग गाथेत छापलेले आहेत, ते कुठं जात नाहीत. चाल मात्र गाथेत नसते. ती गळ्यात असते, आणि गळा गेला की चालही जाते. आता जवळपास प्रत्येक घरात रेकॉर्डिंग करता येईल असा मोबाईल आहे. तरी घरचं रेकॉर्डिंग ऐकलं की निम्म्या वेळा पंख्याची घरघर आणि टाळांचा कल्लोळच ऐकू येतो. महागडा माईक नसतानाही हे टाळता येतं. त्यासाठी दिवसाची वेळ आणि घरातली जागा नीट निवडावी लागते.

पहाटेचीच वेळ का?

पहाटे चार ते साडेपाच हा गावातला सगळ्यात शांत वेळ. रस्त्यावर ट्रॅक्टर नाही, पिठाची गिरणी बंद, पाखरंही अजून उठलेली नसतात. दुसरं कारण पत्र्याचं. पत्र्याच्या घरात ऊन चढलं की पत्रा तापून पसरतो आणि टकटक वाजतो. बोलताना ते कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र स्पष्ट येतं.

रात्रपाळीची थ्री फेज लाईट असेल तर शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू असते. तेव्हा लाईटचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवावा. आणि लाईट गेलीच, तर वैतागू नका. पंखा, फ्रीज, चोकची ट्यूब, सगळंच गप्प होतं. फोन चार्ज असला म्हणजे झालं.

एक अडचण मात्र खरी आहे. पहाटे गळा जड असतो. म्हणून जाणती माणसं आधी अर्धा तास खालच्या सुरात आवाज लावतात, कोमट पाणी पितात आणि मगच रेकॉर्डिंगचं बटण दाबतात.

कुठल्या खोलीत बसायचं?

सिमेंटच्या मोकळ्या खोलीत आवाज भिंतीवर आदळून परत येतो, त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळतात. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून झणझणीत आवाज आला तर ती खोली कामाची नाही.

धान्याची पोती रचलेली खोली याला उत्तम. पोती आवाज शोषून घेतात. तशी खोली नसेल तर दोरीवर दोन-तीन गोधड्या गाणाऱ्याच्या मागं आणि बाजूला टांगा, खाली सतरंजी अंथरा. शहरातल्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात, तेच काम इथं गोधडी करते.

फोन कसा ठेवायचा?

बहुतेक मोबाईलचा मुख्य माईक खालच्या कडेला, चार्जिंगच्या पिनजवळ असतो. ती बाजू गाणाऱ्याकडे हवी. फोन तोंडापासून साधारण दोन फुटांवर, थोडा तिरका ठेवावा. अगदी समोर धरला तर ‘भ’, ‘फ’, ‘प’ म्हणताना हवेचा फटका माईकवर बसतो. फोनखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, म्हणजे पेटीच्या भात्याची आणि पायाच्या ठेक्याची धडधड जमिनीतून फोनमध्ये येणार नाही. फ्लाईट मोड चालू करा, नाहीतर ऐन रंगात फोन येतो.

मंडळ बसलं असेल तर गाणारा सगळ्यात जवळ, मग पेटी, मग पखवाज, आणि टाळकरी सगळ्यात लांब. टाळाचा आवाज तीक्ष्ण असतो, तो सगळं झाकून टाकतो. पखवाजाच्या डाव्या बाजूची कणीक सुरुवातीलाच नीट लावून घ्या. मध्ये थांबून लावली तर सूर बदलतो.

सुरुवातीला गजराचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाचा भाग दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. आवाज फाटत असेल तर फोन आणखी दोन फूट मागं न्या. फाटलेला आवाज नंतर पूर्ववत होत नाही. बारीक आवाज मात्र वाढवता येतो.

आणि जुना टीव्ही?

पेटीवाल्याच्या घरात बऱ्याचदा पाठीमागं फुगीर असलेला जुना डबा टीव्ही अजून असतो. तो टाकवत नाही, कारण त्याच्याशी आठवणी बांधलेल्या असतात. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. ‘आमची माती, आमची माणसं’ बघायला शेतकरी टीव्ही असलेल्या घरी जमायचे. 1987 साली ‘रामायण’ लागलं की गल्ल्या ओस पडायच्या. त्या टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम लागला की चाल ऐकून पेटीवर बसवणारे हौशी वादक कितीतरी होते. आजही फ्री डिशच्या बॉक्सची पिवळी, लाल आणि पांढरी पिन जोडली की तो डबा चालतो, महिन्याचं भाडंही लागत नाही.

पण रेकॉर्डिंगच्या वेळी तो चालू नको. आवाज म्यूट केला तरी नको. याचं कारण सोपं आहे. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र 625 आडव्या रेषांचं होतं आणि सेकंदाला 25 चित्रं दिसायची. म्हणजे सेकंदाला 15,625 रेषा. तेवढ्याच वेगानं टीव्हीतले भाग थरथरतात आणि ‘किंऽऽ’ असा बारीक, उंच आवाज निघतो.

वय वाढलं की कानाला असे उंच आवाज ऐकू येणं कमी होत जातं. त्यामुळे आजोबांना खोली शांत वाटते आणि नातू म्हणतो, “आजोबा, टीव्हीतनं शिट्टी वाजतीय.” नातवाचं ऐकावं. चांगल्या क्वालिटीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती शिट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत राहते. नुसतं रिमोटनं नव्हे, भिंतीवरचं बटण बंद करा. आताच्या सपाट एलईडी टीव्हीत ही शिट्टी नसते.

कपाटातल्या कॅसेटचं काय?

दुपारची वेळ जुन्या कॅसेटसाठी चांगली. वडिलांचं, चुलत्यांचं भजन टेपरेकॉर्डरवर भरलेलं अनेक घरांत आहे. कॅसेट सापडली की लगेच वाजवू नका. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर ती जाणत्या माणसाकडूनच साफ करून घ्या. कॅसेट स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवा, म्हणजे चिकटलेली पट्टी मोकळी होते. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या चकत्या असतात, त्या मोडून टाका. मग चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायरनं कॉम्प्युटरला जोडून भरलेला आवाज स्पीकरसमोर फोन धरून भरलेल्या आवाजापेक्षा कितीतरी साफ येतो.

संध्याकाळी: नाव, नक्कल, परवानगी

दिवसभराचं काम झालं की फाईल जागेवर लावायची. रेकॉर्डिंगच्या अॅपमध्ये ‘वेव्ह’चा पर्याय असेल तर तो निवडा. स्टिरिओ असेल तर मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागते. एमपी3 ला मिनिटाला साधारण 1 एमबी पुरते, पण त्यात बारकावे कमी होतात. मूळ फाईल वेव्हमध्ये ठेवावी आणि पाठवायला एमपी3 करावी. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज करून पाठवू नका, आवाज दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मेमरी कार्ड कधीही दगा देतं, म्हणून नक्कल दोन ठिकाणी असावी.

यूट्यूबवर टाकण्याआधी दोन गोष्टी बघा. जुन्या संतांच्या अभंगांचे शब्द सर्वांचे आहेत. पण सिनेमाची किंवा आताच्या संगीतकारानं बांधलेली चाल तशी नाही. आपल्या कायद्यात संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षांपर्यंत तिच्यावर हक्क असतो. आणि गाणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचा आवाज जगासमोर टाकू नये, मग तो घरचा का असेना.

सगळ्यात महत्त्वाचं पहिलं अर्धं मिनिट

बटण दाबल्यावर लगेच गाणं सुरू करू नका. आधी गाणाऱ्यानं आपलं नाव, गाव, तारीख सांगावी. पट्टी कोणती, काळी एक की काळी चार, तेही बोलावं. आणि ही चाल कुणाकडून आली ते सांगावं: वडिलांकडून, दिंडीत भेटलेल्या एखाद्या बुवाकडून, की आजीच्या जात्यावरून. वीस वर्षांनी ही फाईल उघडणाऱ्या नातवाला गाणं ऐकू येईलच. पण ते कुणाचं, कुठलं, हे त्या अर्ध्या मिनिटातूनच कळेल.

येत्या एकादशीच्या आधी एक पहाट ठरवा. गावातल्या सगळ्यात वयस्कर भजनकऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, गोधड्या टांगा, टीव्हीचं बटण बंद करा. दहा चाली नको, एकच पुरे. पुढच्या एकादशीला दुसरी.